वळणावर कुणी थांबत नाही

तीन वर्षांपूर्वी, दिवाळी नुकतीच सरली होती. सकाळी आमच्या गावच्या चहाच्या टपरीवर एक पिकअपवाला आदल्या रात्रीची हकीकत सांगत होता. साडेअकराच्या सुमाराला तालुक्याहून येताना बाभळीच्या वळणावर, फरशी पुलाच्या जरा अलीकडे, त्याला रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कपड्यातला एक माणूस बसलेला दिसला. एक हात वर करून बोलावत होता. पाय मात्र नव्हते. "काच वर केली, मारुतीचं नाव घेतलं आणि गाडी जी दाबली ती थेट गावात आणून उभी केली." ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. आजवर तिथे बाई दिसायची, आता गडीही दिसायला लागला, असं कुणीतरी म्हणालं.

तो गडी म्हणजे माझा चुलत भाऊ.

खचलेल्या साईडपट्टीवरून त्याची मोटरसायकल घसरली होती. पाय दिसले नाहीत कारण ते चारीत, म्हणजे रस्त्याकडेच्या पाण्याच्या चरात होते, आणि उजवा गुडघ्याखाली मोडला होता. पिकअपच्या आधी दोन गाड्या गेल्या, नंतर एक गेली. त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रपाळीची होती, म्हणून एकच्या सुमाराला एक शेतकरी पाणी भरायला निघाला. त्याने लांबूनच बॅटरीचा झोत टाकला आणि विचारलं, "कोन शे रे तठे?" दीड तासात माझ्या भावाला कुणीतरी पहिल्यांदा काही विचारलं होतं. भाऊ वाचला. पायात सळई आहे, थंडीत ठणका लागतो. पण त्या सकाळी टपरीवर मी उभा होतो आणि माझा जिवंत भाऊ माझ्यादेखत भूत झाला होता, हे मला विसरता येत नाही.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बोरी आणि पांझरा या दोन नद्यांच्या मधला पट्टा एवढंच सांगतो. नाव लिहिलं की पुढच्या अमावस्येला मोबाइल घेऊन पोरं तिथे हजर होतील, आणि त्यांच्यामुळे कुणाला काय सोसावं लागतं ते पुढे सांगणारच आहे. तसंही नावाने काही बिघडत नाही. पारोळ्याकडे, साक्रीकडे, शिरपूर-शहाद्याकडे कुठल्याही ड्रायव्हरला विचारा, तो आपल्या रस्त्यावरचं असं एक वळण, एक मोरी, एक चिंच दाखवील. गोष्ट थोड्याफार फरकाने तीच. पांढरी साडी, मोकळे केस, रात्री बारानंतर हात दाखवते, बसवून घेतलं तर गाडी जड होते, मागे पाहिलं तर कुणी नसतं. गोष्टीच्या शेवटी येणारा उपदेशही सगळीकडे तोच : थांबायचं नाही, बोलायचं नाही, मागे वळून पाहायचं नाही.

माझं म्हणणं या उपदेशाबद्दल आहे. भूत असतं की नसतं हा वाद मला घालायचा नाही. माझ्यापुरता त्याचा निकाल लागला आहे, दुसऱ्याचा लागला नसेल तर त्याच्याशी माझं भांडण नाही. पण ज्या रस्त्यावर माणसं पडतात, चिरडली जातात, त्या रस्त्यावर "थांबू नको" हा नियम पिढ्यानपिढ्या शिकवला जात असेल, तर ती करमणूक राहिलेली नाही. रस्त्याच्या सुरक्षिततेचा तो प्रश्न झाला, आणि गावाने तो त्याच नजरेने पाहायला हवा.

मी स्वतः या गोष्टींवर वाढलो. उन्हाळ्यात अंगणात खाटा टाकल्या की आजी चकव्याच्या गोष्टी सांगायची. ज्वारीच्या शिवारात शिरलेला माणूस रात्रभर त्याच बांधावर फिरत राहतो आणि पहाटे बघतो तर घराचा ओटा हाकेवर असतो. आजी म्हणायची, "रातले वाटवर कोनी हाक मारी ते ओ देवानी नही." त्या गोष्टींनी मला भिववलं आणि रात्रीच्या शिवाराकडे कान देऊन ऐकायलाही शिकवलं. त्या गोष्टी जाव्यात असं मला मुळीच वाटत नाही. पण आजीचा चकवा कुणाचा कुणी नव्हता. त्याला आई-बाप नव्हते, त्याची लेक गावच्या शाळेत जात नव्हती. शिवाय आजीच्या काळात त्या वाटेने बैलगाडी जायची. आज तिथून रात्रभर वाळूचे डंपर, केळीचे ट्रक आणि मागे साधा दिवाही नसलेल्या ट्रॉल्या जातात. तेव्हा ओ न देणारा माणूस घाबरून लवकर घरी पोचायचा. आज ओ दिली नाही तर चारीत पडलेला माणूस मरतो.

माझं खतं-बियाण्यांचं दुकान तालुक्याच्या गावी आहे. कपाशीच्या हंगामात घरी परतायला रोज रात्रीचे दहा-साडेदहा होतात, म्हणून तो रस्ता मी अंधारातच जास्त पाहिला आहे. भावाच्या अपघातानंतर मी त्या वळणाकडे नीट लक्ष द्यायला लागलो. ताशी साठच्या वेगाने मोटरसायकल सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते. डिपरच्या, म्हणजे खाली पाडलेल्या दिव्याच्या उजेडात गडद कपड्यातला माणूस दिसतो तो पंचवीस-तीस मीटरवर आल्यावरच. म्हणजे तो दिसणं आणि आपण त्याच्याजवळ पोचणं यांत दोन सेकंदही नसतात. पांढरा कपडा बराच आधी चमकतो. म्हणून रात्री "दिसलेलं" सगळं पांढरंच असतं. काळ्या, निळ्या, हिरव्या कपड्यांतली माणसं त्याच रस्त्याने त्याच वेळी चालत असतात, पण त्यांची गोष्ट होत नाही, कारण ती दिसतच नाहीत.

"होती आणि गायब झाली" याचंही तसंच. समोरून मोठ्या दिव्यांची गाडी आली की आपल्या आणि तिच्या उजेडाच्या मध्ये सापडलेला माणूस डोळ्यांना दिसेनासा होतो. गाडी निघून गेल्यावरही डोळे सावरायला काही सेकंद लागतात, तेवढ्यात आपण त्या माणसाला ओलांडून गेलेलो असतो. आरशात मागचा काळोख दिसतो आणि मन म्हणतं, नव्हतीच. आमच्या वळणावर एकाच वेळी दोन्हीकडून गाड्या आल्या की हे मी स्वतः अनुभवलं आहे. एकदा तर ओळखीचे जिभाऊ सायकल हातात धरून चालत होते. मला आधी ते दिसले, मग नाहीसे झाले, आणि मी त्यांच्या अगदी कोपराला घासून पुढे गेलो. थांबून हाक मारली म्हणून कळलं. न थांबता गेलो असतो तर दुसऱ्या दिवशी माझ्याकडेही सांगायला एक गोष्ट असती.

किंकाळीचं म्हणाल तर त्या बाभळींच्या पलीकडे गव्हाणी घुबडाची जोडी आहे. पांढरंफटक तोंड, पंखांचा आवाज नाही, आणि ओरडणं असं की अंगावर काटा यावा. मक्याच्या शेतातल्या उंदरांवर जगणारा तो पक्षी, शेतकऱ्याचा सोबती. त्याच्याबद्दल आणखी लिहायला आवडलं असतं, पण मुद्दा रस्त्याचा आहे.

रस्त्याकडे या. आमची जमीन काळी, कपाशीची. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचा रस्ता नीट भरावाचा नसेल आणि कडेचं पाणी काढून दिलं नसेल तर दोन पावसाळ्यांत साईडपट्टी खचते आणि डांबराची कड वीतभर उंच राहते. समोरच्याला जागा द्यायला म्हणून मोटरसायकल कडेला घेतली की पुढचं चाक त्या कडेवरून उतरतं, आणि पुन्हा वर घेताना गाडी आडवी होते. माझ्या भावाचं हेच झालं. वळणाच्या आतल्या बाजूला वेडी बाभूळ इतकी माजली आहे की समोरून येणारं वाहन फरशीवर येईपर्यंत दिसत नाही. फरशीला कठडा नाही. वळणाची पाटी होती, तिचा फक्त खांब उरला आहे. ही सगळी कारणं दिवसाढवळ्या, उघड्या डोळ्यांना दिसतात. ती पाहायला अमावस्या लागत नाही. पण जागेला एकदा "लागिराची" म्हटलं की ती पाहायला कुणी जात नाही. तिथे नारळ फुटतो, लिंबू-मिरची पडते, कुणी विडी पेटवून ठेवतं. बाभूळ तोडायला मात्र कोयता घेऊन कुणी जात नाही, कारण त्या झाडाला हात लावायचा नसतो.

सरकारदरबारी अशा जागांसाठी शब्द आहे, ब्लॅक स्पॉट. राष्ट्रीय महामार्गावर सुमारे पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत जीव जाण्याचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसं मेली, की ती जागा त्यात धरतात आणि दुरुस्तीसाठी घेतात. महामार्गासाठी हे ठीकच आहे. पण आमच्यासारख्या रस्त्यावर वर्षाला एखादा जातो, दोन-चार जायबंदी होतात. त्यातले निम्मे अपघात पोलिसांपर्यंत पोचतच नाहीत. ट्रॉलीचा विमा नसतो, चालवणाऱ्याकडे लायसन नसतं, दोन्हीकडचे लोक ओळखीचे असतात, म्हणून "आपसात मिटवून घेऊ" होतं. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, आणि वळण नेमकं कुणाकडे हे विचारत फिरण्यात एक उन्हाळा जातो. कागदावर आमच्या वळणावर जवळजवळ काहीच घडलेलं नाही.

म्हणूनच या भुताच्या गोष्टीला मी फुकाची बडबड म्हणत नाही. त्या वळणावर माणसं मरतात याची आमच्या गावात असलेली एकमेव नोंद तीच आहे. पोलीस ठाण्यात नाही, पंचायतीत नाही, ती टपरीवर आहे. गावाला ठाऊक आहे की ही जागा वाईट आहे. फक्त हे ज्ञान गावाने अशा भाषेत सांभाळून ठेवलं आहे की त्यातून तक्रार निघत नाही, ठराव निघत नाही, निघते ती भीती.

त्या नोंदीत चूक कुठे होते ते आता सांगतो. आमच्या वळणावरची बाई कोण, हे गावातल्या पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांना माहीत आहे. शेतमजूर होती. संध्याकाळी डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन घरी येत होती आणि त्या वळणावर मागून आलेल्या गाडीने तिला उडवलं. गाडी कुणाची हेही माहीत आहे. कागदावर ते आलं नाही. घरच्यांना थोडे पैसे मिळाले आणि विषय बंद झाला. दोन वर्षांत ती दिसायला लागली. गाडी मात्र कुणाला कधी दिसली नाही. इतक्या वर्षांत, इतक्या लोकांच्या तोंडून मी ती गोष्ट ऐकली, पण एकाही गोष्टीत ती गाडी नाही. मेलेली बाईच लोकांना मारायला टपली आहे, असं गोष्ट सांगते. मारणारा त्या गोष्टीतून निघून गेला आहे.

मराठीतली भुतांची नावं पाहिली तरी हेच दिसतं. मुंज झाली पण लग्नाआधीच गेला तो मुंजा. बाळंतपणात गेली ती अळवंतीण. ज्यांना वाचवता आलं असतं अशीच बहुतेक ही माणसं. बाळंतपणात बाई का गेली, सुईण होती का, दवाखाना किती लांब होता, हे प्रश्न त्या नावाखाली गाडले गेले आणि वर तिचीच भीती उरली.

आमच्या त्या बाईला एक लेक आहे. आई गेली तेव्हा ती चौथीत होती. पुढे हायस्कूलला जाताना मुलं तिला म्हणायची, "काल तुनी माय दखायनी." काल तुझी आई दिसली. मी हे ऐकलं आहे आणि तेव्हा गप्प बसलो आहे. आता ती तिशीच्या पुढे आहे, नवऱ्यासोबत गावातच राहते, दोन मुलं आहेत. गेल्या दोन-तीन वर्षांत बाहेरची पोरं येऊन त्या वळणावर व्हिडिओ काढायला लागली. हिरवट प्रकाश, धापा टाकण्याचा आवाज, "खान्देशातला सर्वात भयानक रस्ता". एकाने तर कुठूनतरी नाव काढून मृत बाईचं नावही टाकलं. त्या लेकीच्या मुलाने तो व्हिडिओ वर्गातल्या दुसऱ्या मुलाच्या मोबाइलवर पाहिला. घरी येऊन त्याने आईला काय विचारलं असेल, याचा विचार ज्याने व्हिडिओ काढला त्याने एकदा तरी करावा. जिथे कुणाचा जीव गेला, ज्याचे आप्त जिवंत आहेत, त्या जागेवर भुताचा खेळ मांडणं हे मला निर्दयपणाचं वाटतं, मग प्रेक्षक लाखभर का असेनात.

यावर मला नेहमी ऐकवलं जातं की गोष्टीच्या भीतीने तरी लोक गाडी हळू चालवतात. तिथे उभं राहून पाहावं. दिवसा लोक हळू घेतात, खड्ड्यांमुळे. रात्री वळण जवळ आलं की वेग वाढवतात. पिकअपवाल्याने काय केलं? गाडी दाबली. त्याच्या पुढ्यात चारीतून वर येऊ पाहणारा माझा भाऊ दोन हात अलीकडे असता तर? घाटात कडेला देऊळ असतं, तिथे ड्रायव्हर वेग कमी करतो, हात जोडतो, नारळ देतो. त्या जागी थांबायचं असतं. भुताच्या जागी थांबायचं नसतं. दोन्हींत श्रद्धा असेल, पण रस्त्यावर त्यांचा परिणाम अगदी उलटा होतो.

आणखी एक म्हणणं असतं, त्यात तथ्य आहे. रात्री निर्जन रस्त्यावर थांबणं खरंच धोक्याचं असू शकतं. लूटमार होते, आमच्याकडे बिबट्याही फिरतो, एकटी बाई गाडीवर असेल तर तिला थांब म्हणायची माझी हिंमत नाही. पण तिथे न उतरताही पुष्कळ करता येतं. पुढे जाऊन पहिल्या वस्तीवर सांगता येतं, १०८ ला फोन करता येतो. भीती चोराची असती तर पिकअपवाल्याने गावात येऊन आरडाओरडा केला असता, चार माणसं काठ्या घेऊन गेली असती आणि माझा भाऊ त्यांना सापडला असता. भुताच्या भीतीने तो रात्रभर गप्प राहिला.

अंधारात हात दाखवणारा नेहमी जखमीच असेल असंही नाही. घर सुटलेली, मनाने आजारी असलेली बाई रात्री रस्त्याने चालत असते. अशा माणसाची जबाबदारी २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने पोलिसांवर टाकली आहे, पण पोलिसांना कळवणार कोण, जर पाहणाऱ्याला माणूस दिसलाच नाही? आणि अनोळखी चेहऱ्यात माणूस न दिसण्याचा शेवट कुठवर जातो हे आपल्या धुळे जिल्ह्याने पाहिलं आहे. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना मारून टाकलं. मंगळवेढ्याकडून आलेले ते नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागून जगणारे. ती मोबाइलवरून पसरलेली अफवा होती, ही भुताची गोष्ट आहे, दोन्ही एक नव्हेत हे मला कळतं. पण समोरच्याला "कोण आहेस बाबा" असं विचारण्याआधीच तो कोण हे ठरलेलं असणं, हे दोन्हींकडे आहे.

कायद्याने ही गोष्ट बंद करा असं मी म्हणत नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, करणी करतो म्हणून कुणाचं जगणं नकोसं करणं हे गुन्हे आहेत, आणि सातपुड्यात डाकीण ठरवून बायकांचे हाल होतात तिथे त्या कायद्याची गरज रोजची आहे. टपरीवर गोष्ट सांगणं गुन्हा नाही, असूही नये. उलट थांबणाऱ्याला धीर देणारा कायदा लोकांना सांगायला हवा. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४ अ कलम आलं. जखमीला मदत करणाऱ्यावर खटला होत नाही, त्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही. त्याच कायद्यात अपघातानंतरच्या पहिल्या तासाला गोल्डन अवर म्हटलं आहे. माझ्या भावाचा तो तास आणि वर आणखी अर्धा तास चारीत गेला. आमच्या गावात हे कलम किती जणांना माहीत होतं? मलाच नव्हतं.

१५ फेब्रुवारी २०२१ ला यावल तालुक्यात किनगावजवळ पपई भरलेला ट्रक उलटून १५ मजुरांचा जीव गेला. रावेर तालुक्यातली गरीब माणसं, काम संपवून मालाच्याच गाडीतून घरी निघालेली. उद्या त्या जागी कुणाला रात्री रडणं ऐकू येऊ लागलं तर मला भीती वाटेल ती याची, की मजुरांना मालाच्या ट्रकमधून का यावं लागतं हा प्रश्न त्या रडण्याखाली दबून जाईल.

म्हणून आम्ही काहीजणांनी एक साधं काम हाती घेतलं आहे. पंचायतीत एक वही ठेवली. त्या वळणावर आजवर पडलेल्या, मेलेल्या प्रत्येकाची नोंद : नाव, वर्ष, वेळ, कशाने पडला. ज्यांनी ज्यांनी "काहीतरी पाहिलं" त्यांचंही लिहून घेतो, कुठे, किती वाजता, समोरून गाडी होती का. आश्चर्य म्हणजे लोक मोकळेपणाने सांगतात, आणि सगळ्यांचं बोट वळणाच्या त्याच वीस-पंचवीस पावलांवर येतं. ही वही ग्रामसभेच्या ठरावाला जोडून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या रस्ता सुरक्षा समितीकडे पाठवायची आहे. तोवर वाट न बघता ट्रॉल्यांना मागून रेडियम पट्टी लावायला सुरुवात केली, दुकानात मी ती खतासोबत फुकट देतो. पिकअपवाल्याने स्वतः येऊन दोन हात पट्टी नेली. बाभूळ तोडायला सुरुवातीला कुणी तयार नव्हतं. पहिला घाव माझ्या भावाने घातला, एका पायावर भार देऊन.

वहीची पहिली नोंद त्या बाईची असावी असं ठरलं. मी तिच्या लेकीकडे गेलो. वर्ष विचारलं, वेळ विचारली. तिने आधी आईचं पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, आणि मी ते नीट लिहिलं की नाही हे वाकून पाहिलं. गाडी कुणाची तेही सांगितलं. मी पेन बंद केलं तेव्हा म्हणाली, "काका, साडी हिरवी व्हती. ते बी लिखा."